बाबांच्या छातीत पाणी झालं होतं. पण ते पाणी नेमकं असतं कुठे?

शर्वरी_कोरेगाव :

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, सुरुवातीपासून सांगितलं नाही तर प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा ५९ वर्षांचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ शेती करतात, आमचं आल्याचं रान आहे. फेब्रुवारीत आलं काढून झालं आणि त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. कुदळीचं काम झालेलं, आम्हाला वाटलं उसण भरली. तेल लावलं, विटेचा शेक दिला. मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला आणि मोठा श्वास घेतला की उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखी कळ. शिंक आली की बाबा कूस हाताने गच्च दाबून धरायचे. आठ-दहा दिवसांनी ती कळ आपोआप गेली. "बरा झालो गं" म्हणाले. आम्ही सगळे निर्धास्त.

तिथेच चुकलं. कळ गेली आणि धाप आली. विहिरीवरून घरी येताना दोनदा थांबायला लागले. रात्री फक्त उजव्या कुशीवर झोपायचे, डावीकडे वळले की उठून बसायचे. एक्सरे काढला तर उजवी बाजू खालून निम्म्यापर्यंत पांढरीफटक. डॉक्टरांनी पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक केलं, वरून खाली येत गेले, एका जागी थांबले आणि पेनाने खूण केली. बाबांना स्टुलावर बसवलं, समोरच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर ओणवं व्हायला सांगितलं आणि पाठीतून सुई घालून ९०० मिली पाणी काढलं. गव्हाच्या काडासारखं पिवळसर होतं. काढता काढता बाबांना खोकला सुरू झाला, तसे डॉक्टर थांबले. तपासणीत टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन आता सहावा आठवडा आहे. ताप गेला, भूक लागते, वजन दोन किलोंनी वाढलं.

माणूस बरा होतोय, तरी माझ्या डोक्यातून हे जात नाही. पाणी फुप्फुसात साठलं होतं ना? मग सुई फुप्फुसात घातली का, आणि त्याला भोक नाही पडलं? पुढून सोडून पाठीतूनच का? कळ गेली तेव्हा आतून आजार वाढत होता, हे कसं? खांद्याचा याच्याशी काही संबंध होता का? आणि आजीने बाबांचं पाणी, दही, भात, केळी सगळं तोडलंय. "छातीत पाणी झालंय, त्याला वरून आणखी पाणी कशाला" म्हणते. उन्हाळ्याचे दिवस, बाबा तांब्याकडे बघत बसतात. दवाखान्यात बाहेर एवढी रांग होती की मला हे सगळं विचारायचं धाडस झालं नाही.

गिरणगावकर :

शर्वरी, मी २१ वर्षांचा असताना हॉस्टेलवर मला हेच झालं होतं, डाव्या बाजूला. सहा महिने गोळ्या पूर्ण केल्या. आज ४४ चालू आहे आणि दर पावसाळ्यात राजगड चढतो. दोन गोष्टी सांगतो. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनच्या गोळीने, घाबरू नका. आणि बाबांची निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नोंद झाली आहे का ते बघून घ्या. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला पैसे खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० रुपये झाले आहेत. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात. मला तिसऱ्या महिन्यात वाटलं होतं, आईने सोडू दिल्या नाहीत. बाकी आत नेमकं काय होतं ते मलाही कधी कोणी सांगितलं नाही, म्हणून हा धागा वाचत राहणार.

उषाकाकू :

शर्वरी, मी ३१ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवली. रुग्ण मी तपासत नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल काही बोलणार नाही. पण हे पाणी कुठे असतं ते तुला नीट सांगू शकते, कारण त्या जागेत मी कित्येकदा हात घातला आहे.

आधी आजीचं. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं नसेल, तर आजच तांब्या बाबांच्या हातात दे. कारण पुढे येईलच.

घरात दुधाची रिकामी पिशवी असेल. तळाशी चार थेंब दूध राहू दे, आतली हवा सगळी दाबून काढ आणि कापलेला कोपरा चिकटपट्टीने बंद कर. आता त्या पिशवीवर बाहेरून मूठ रोव, पिशवी मुठीभोवती सगळीकडून येईपर्यंत. नीट बघ. पिशवीचा एक पदर मुठीला लागून आहे, त्याच्यावर दुसरा पदर आहे आणि दोन पदरांच्या मध्ये ते चार थेंब. मूठ पिशवीच्या आत कुठेच गेलेली नाही. मूठ म्हणजे फुप्फुस. मनगट म्हणजे श्वासनलिकेची फांदी आणि रक्तवाहिन्या जिथून फुप्फुसात शिरतात ती जागा. फुप्फुसाला घट्ट लागून असलेला तो आतला पदर, बरगड्यांना आतून अस्तरासारखा लागलेला तो बाहेरचा. या पिशवीला प्लुरा म्हणतात, मराठी पुस्तकांत फुप्फुसावरण. उजवीकडे एक आणि डावीकडे एक, दोन्ही अगदी स्वतंत्र. म्हणून तर एका बाजूला एवढं पाणी झालं तरी बाबांचा श्वास दुसऱ्या बाजूवर चालू राहिला.

बाबांचं पाणी या दोन पदरांच्या मध्ये होतं. छातीच्या आत, पण फुप्फुसाच्या बाहेर. सुई बाहेरच्या पदरातून पाण्यात गेली. पाण्याने फुप्फुसाला आधीच बाजूला सारलेलं होतं, त्यामुळे सुईला तिथपर्यंत जायचं कारणच नव्हतं.

विच्छेदनगृहात छाती उघडायच्या दिवसाची मी दरवर्षी वाट बघायचे. दोन्ही बाजूंच्या बरगड्या कापून पुढची भिंत झाकणासारखी उचलतात. कापलेल्या बरगड्यांची टोकं धारदार असतात, हातमोजा फाटतो, म्हणून मी आधी त्यांच्यावर ओलं फडकं घालायला लावायचे. मग सांगायचे, पंजा सपाट ठेवा आणि फुप्फुस आणि भिंत यांच्या मधून हळूच पाठीकडे सरकवा. हात ओल्या साबणावरून जावा तसा जातो. वर गेला की मानेच्या मुळाशी पोचतो. फुप्फुसाचा शेंडा गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या आतल्या टोकापाशी त्याच्याही वर साधारण अडीच सेंटीमीटर असतो. पुस्तकात वाचलेलं असूनही बोटं तिथे पोचेपर्यंत मुलांना ते खरं वाटत नसे.

आणि काही देहांमध्ये हात मध्येच अडतो. पदर एकमेकांना चिकटलेले असतात, कुठे कोळिष्टकासारखे पांढरे धागे, कुठे जाड पट्टा. देहदान केलेल्या त्या माणसाला आयुष्यात कधीतरी बाबांसारखंच काही झालेलं असू शकतं, आणि त्यातून उठून पुढे म्हातारा होईपर्यंत तो जगलेला असतो. हात अडला की ओढून तोडायचं नाही, आधी जागा बघून घ्यायची, असा माझा दंडक होता. एकदा एका खेड्यातल्या आजींची दोन्ही फुप्फुसं काळ्या ठिपक्यांच्या जाळीने भरलेली निघाली. त्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती, घरच्यांनी तसं सांगितलं होतं. तो चुलीचा धूर होता. हे विषयाला सोडून झालं, पण त्या आजी मला आठवत राहतात.

तर निरोगी माणसाच्या या जागेत किती द्रव असतो? दोन-चार चमचे, बस. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट ठेवून बघ. इकडेतिकडे सहज सरकतं, पण सरळ वर उचलायला गेलीस की ओट्याला धरून बसतं. फुप्फुसाचं तसंच आहे. ते आतल्या आत आकसायला बघतं, बरगड्यांचा पिंजरा बाहेर उसळायला बघतो, आणि या ओढाताणीत दोन पदरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो, शांतपणे श्वास सोडून झाल्यावर साधारण ५ सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका. फुप्फुसाला फुगवणारा असा स्वतःचा स्नायूच नाही. छाती रुंदावते आणि या ओढीमुळे ते मागोमाग जातं. मध्ये ९०० मिली पाणी आलं की ही ओढ त्या भागात तुटते, खालचं फुप्फुस मिटतं आणि माणूस विहिरीवरून येताना दोनदा थांबतो.

आता हा द्रव कुठून येतो. बाहेरच्या पदरातून तो सतत झिरपत असतो आणि त्याच पदरातल्या बारीक छिद्रांवाटे लसिकावाहिन्यांत, म्हणजे जास्तीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, निचरून जात असतो. तुमच्या विहिरीला झरा आहे आणि मोटारही आहे. दोन्ही सारख्या चालल्या तर पातळी हलत नाही. टीबीत पदर सुजतो, झरा वाढतो आणि मोटार तुंबते. प्यायलेलं पाणी पोटातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं, तांब्यातून छातीत जायला वाट नाही. उलट बाबांच्या छातीतून काढलं ते नुसतं पाणी नव्हतं, त्यात भरपूर प्रथिनं होती, त्यांच्याच रक्तातली. ती भरून काढायची आहेत. म्हणून दही, डाळ, खात असतील तर अंडी, आणि भात, केळी, सगळं सुरू कर. आजीला हे माझ्या नावाने सांग, एका म्हातारीने सांगितलंय म्हणावं.

पाठीतूनच का? इथे शरीररचनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. पिशवी फुप्फुसापेक्षा मोठी असते. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड पुढून ६ व्या बरगडीपाशी, कुशीत ८ व्या आणि पाठीत कण्याजवळ १० व्या बरगडीपाशी संपते. पिशवी मात्र ८, १० आणि १२ पर्यंत जाते. सगळीकडे दोन बरगड्यांचा फरक. मोठा श्वास घेतला की फुप्फुस त्या रिकाम्या खाचेत उतरतं, एरवी तिथे दोन पदर एकमेकांना टेकून असतात. ही खाच पाठीमागे आणि कुशीत सगळ्यात खोल आहे, आणि माणूस बसलेला असला की पाणी वजनाने तिथेच गोळा होतं. म्हणून स्टूल, म्हणून उशी. ओणवं झालं आणि हात पुढे घेतले की खवाटे बाजूला सरकतात आणि बरगड्यांमधल्या फटी उघडतात. पण फार खाली जाऊनही चालत नाही, उजवीकडे श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या, लगेच खाली यकृत आहे. त्यासाठी ती टकटक आणि ती पेनाची खूण.

आणखी एक बारकावा, जो मी परीक्षेत हमखास विचारायचे. दोन बरगड्यांच्या मधून सुई घालायची तर कुठून? खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून. कारण जवळजवळ प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते आणि तिच्यात वरून खाली अशा क्रमाने नीला, रोहिणी आणि चेता, म्हणजे संवेदना नेणारी नस, लपलेल्या असतात. सुई वरच्या बरगडीला घासून गेली तर त्यांना लागायची. पुढच्या वेळी मटणाच्या दुकानात चाप दिसले तर एक बरगडी उलटी करून बघ. खालच्या कडेला ती पन्हळ बोटाला लागते, बोकडातसुद्धा.

कळ का गेली? आतल्या पदराला दुखणं कळत नाही. फुप्फुसालाही नाही. बाहेरच्या पदराला मात्र फार कळतं, बरगड्यांच्या चेता त्यात येतात. सुरुवातीला दोन्ही पदर कोरडे, खरखरीत झालेले असतात आणि प्रत्येक श्वासाला एकमेकांवर घासतात. त्या वेळी नळी लावून ऐकलं तर नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर ऐकू येते. मग मध्ये पाणी जमतं, पदर एकमेकांपासून सुटतात, घासणं थांबतं, कळ जाते. बाबांना जो आराम वाटला तो खरा होता, आणि तो पाण्यामुळेच होता. यात तुमची चूक शोधू नकोस.

आणि खांदा. गर्भात श्वासपटल छातीच्या तळाशी तयार होत नाही, मानेपाशी तयार होतं आणि मग खाली उतरतं. उतरताना मानेतली चेता बरोबर घेऊन येतं, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवरची. सासरी गेली तरी माहेरचा धागा तुटत नाही, तसं. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेतल्या त्याच मुळांपैकी तिसऱ्या-चौथ्यातून येते. श्वासपटलाच्या मधल्या भागावरचा पदर सुजला की मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. तुम्ही तेल खांद्याला लावलंत, दुखणं एक वीत खाली होतं. कुदळ चालवणाऱ्या माणसाचा खांदा दुखला तर कोणीही तेच करेल.

शर्वरी_कोरेगाव :

काकू, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. मग दुधाची पिशवी घेऊन आजीसमोर बसले. आजीने स्वतः मूठ घालून बघितली. बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून माठातलं पाणी तांब्यात भरून बाबांच्या उशाशी ठेवलं. दुपारी ताक केलं.

दोन गोष्टी राहिल्या. पाणी काढताना खोकला का आला आणि डॉक्टर का थांबले? अजून आत थोडं पाणी आहे असं ते म्हणाले होते. आणि "पदर थोडे चिकटून राहू शकतात" असंही म्हणाले होते, तेव्हापासून मला भीती वाटते. चिकटले तर फुप्फुस हलणार कसं?

श्वास_फिजिओ_नाशिक :

शर्वरीताई, मी छातीच्या रुग्णांचे व्यायाम घेते. चिकटण्याबद्दल काकू सांगतीलच, मी पिंजऱ्याबद्दल सांगते, कारण घरी बसून तुम्ही मदत करू शकाल ती तिथेच.

बरगड्या दोन तऱ्हांनी हलतात. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या, पुढचं टोक वर आणि पुढे येतं, छातीचं मधलं हाड उचललं जातं. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या. आडवी पडलेली कडी उचलली की ती बाहेरच्या बाजूला येते ना, तशी छाती रुंद होते. ज्याची कूस दुखलेली असते तो माणूस खालच्या बरगड्या हलवायचं सोडून देतो. दुखणं जातं, सवय राहते. महिन्यांनंतरसुद्धा लोक खांदे उचलून श्वास घेतात आणि त्यांना ते माहीतही नसतं.

बाबांच्या मागे बसा. दोन्ही पंजे खालच्या बरगड्यांवर पसरून ठेवा, अंगठे कण्यावर एकमेकांना टेकलेले, त्वचा थोडी सैल राहू द्या. मोठा श्वास घ्यायला सांगा. दोन्ही अंगठे सारखे दूर जायला हवेत. उजवा मागे राहिला तर तिथे काम आहे. मग तुमचा उजवा पंजा तिथेच हलका दाबून ठेवायचा आणि बाबांना म्हणायचं, "माझा हात ढकला". याला यंत्र लागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी आठ-दहा श्वास, चक्कर आली तर थांबायचं.

तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे दिसतील. ते श्वास ओढायच्या वेगाचे आहेत, सेकंदाला इतके घनसेंटीमीटर. सगळे जण झटक्यात तिन्ही चेंडू उडवायला बघतात. बाबांना सांगा, एक किंवा दोनच चेंडू उचला, पण ते वर तरंगत धरून ठेवा. खालच्या बरगड्या उघडतात त्या सावकाश आणि लांब श्वासाने. आणि डाव्या कुशीवर झोपवून, डाव्या बरगड्यांखाली उशी, उजवा हात डोक्यावर, असं दहा मिनिटं करता आलं तर उजवी बाजू छान ताणली जाते. अजून धाप लागत असेल तर हे शेवटचं आत्ता नको, डॉक्टरांना विचारून सुरू करा.

उषाकाकू :

फिजिओताईंनी हापसा आणि बादली फार चांगली सांगितली, मीही वर्गात हेच म्हणायचे.

खोकल्याचं असं आहे. पाण्याने मिटलेलं फुप्फुस पाणी निघताच उघडायला लागतं. आठवडाभर घडी घालून ठेवलेलं कापड झटकावं तसं. त्या उघडण्याने खोकला येतो. बहुतेक वेळा तो चांगलाच असतो, पण फुप्फुस फार झपाट्याने उघडलं तर त्याच्याच वायुकोशांत द्रव झिरपू शकतो, आणि मग ते खरोखर फुप्फुसातलं पाणी होतं. म्हणून एका वेळी साधारण एक ते दीड लिटरच्या पुढे जात नाहीत, आणि खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं वाटलं तर त्याआधीच थांबतात. तुमचे डॉक्टर योग्य वेळी थांबले. उरलेलं थोडं पाणी बहुतेकांमध्ये औषध चालू असताना शरीर स्वतःच ओढून घेतं.

त्या टकटकीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ती रीत लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियातल्या वैद्याने १७६१ साली पुस्तक लिहून मांडली. त्याच्या वडिलांची ग्राट्सला सराई होती, आणि पिंप वाजवून द्राक्षारस कुठवर आहे ते ओळखायची पद्धत त्याने तिथेच पाहिली, असं सांगतात. गच्चीवरची टाकी आपण वाजवून बघतो तसंच. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी असेल तिथे बद्द. बाबांच्या पाठीवर डॉक्टर ज्या जागी थांबले, तिथे आवाज बद्द झाला होता. आता घरी तूही करून बघू शकतेस, डाव्या आणि उजव्या बाजूची तुलना कर. डावं मधलं बोट फटीवर सपाट, उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने दोन हलके ठोके, मनगटातून.

चिकटण्याची भीती काढून टाक. हत्तीच्या छातीत ही जागाच नसते. दोन पदरांच्या मध्ये सैल धाग्यांचं ऊतक भरलेलं असतं, म्हणजे पदर कायमचे जोडलेले. तरी तो जन्मभर त्या फुप्फुसांवर श्वास घेतो. माणसातही काही आजारांत, पाणी किंवा हवा पुन्हापुन्हा साठत असेल, तर डॉक्टर मुद्दाम निर्जंतुक टाल्कची पूड त्या पिशवीत सोडून दोन पदर चिकटवतात. फुप्फुस हलतं ते भिंत हलते म्हणून. पदर चिकटले तर सरकणं कमी होतं, पण भिंत ओढेल तिकडे फुप्फुस जातंच. काळजी करायची ती पदर जाड होऊन भिंतच आखडण्याची, आणि तेवढ्यासाठी फिजिओताईंचा व्यायाम सोडू नका.

पुढचा एक्सरे निघाला की फिल्म खिडकीच्या उजेडात धर. बाबा तुझ्याकडे तोंड करून उभे आहेत असं समज, म्हणजे त्यांची उजवी बाजू तुझ्या डावीकडे येईल. बरगड्या आणि श्वासपटल जिथे खाली भेटतात तो कोपरा बघ. मी सांगितलेली ती खाच म्हणजे हाच कोपरा. निरोगी असेल तर टोकदार दिसतो. साधारण २०० मिली पाणी झाल्याशिवाय समोरून काढलेल्या फिल्मवर तो बोथट होत नाही, त्याहून कमी पाणी सोनोग्राफीत दिसतं. पाणी गेल्यावरही कोपरा किंचित बोथट राहिला तर तो बऱ्याचदा चिकटलेल्या पदराचा असतो, पण तो निवाडा डॉक्टरांचा. आणि उजवं श्वासपटल डाव्यापेक्षा थोडं वर दिसेल, त्याने दचकू नकोस. ते बहुतेकांचं तसंच असतं.

शर्वरी_कोरेगाव :

उशिरा लिहिते आहे. दोन महिने पूर्ण झाल्यावर परवा एक्सरे काढला. फिल्म मी दवाखान्याच्या बाहेरच उन्हात धरून बघितली. कोपरा आहे, काकू. टोक थोडं बोथट आहे, पण पांढरं सगळं गेलं आहे. डॉक्टरांना मी विचारलं, हा कोपरा चिकटल्यामुळे असा आहे का, तर त्यांनी मान वर करून बघितलं आणि पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं. पदर जाड झालाय थोडा, पाणी नाही, गोळ्या आणखी चार महिने.

अंगठ्यांची खूण रोज घेते. पहिल्या दिवशी उजवा हललाच नव्हता, आता जवळजवळ डाव्याबरोबर जातो. आजी मागून मोजते, "आठ झाले, अजून दोन". आणि काल रात्री बाबा आपणहून डाव्या कुशीवर वळले आणि सकाळपर्यंत तसेच झोपले. मी दोनदा उठून बघून आले.